चार नळ्यांचा हिशोब

इंजिनात जळून गेलेला वायू ज्या नळ्यांतून प्रथम बाहेर पडतो, त्यांच्या जुडग्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. कारखान्याचा मॅनिफोल्ड उतरवून त्याच्या जागी वाकवलेल्या स्टील नळ्यांचा जो वेगळा संच बसवतात, तो हेडर. चार सिलिंडर असतील तर चार नळ्या. त्या पुढे कुठेतरी एकमेकींना मिळतात. किती अंतरावर मिळतात, कोणती कोणाला मिळते आणि नळ्या किती जाड आहेत, या तीन गोष्टींवर हेडरची तुलना उभी असते. बाकी उरते ती चकाकी, नाव आणि आवाज. आवाजाचा मुद्दा मात्र वाटतो तेवढा हलका नाही. तो पुढे येईल.

ज्या गाड्यांवरून ही तुलना खूप रंगली, त्यांपैकी एक टोयोटा ८६. ही गाडी आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड २०१२ साली बाजारात आल्या. दोघींचे इंजिन सुबारूचे, एफए२०: आडव्या सिलिंडरांचे म्हणजे बॉक्सर, १९९८ सीसी, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मिलिमीटर, कॉम्प्रेशन १२.५ ला १, टर्बो नाही. अमेरिकेत विकलेल्या गाडीची कमाल शक्ती ७००० आरपीएमला २०० हॉर्सपॉवर, कमाल टॉर्क ६४०० ते ६६०० आरपीएमला सुमारे २०५ न्यूटन-मीटर. सव्वाबाराशे किलोंच्या आसपास वजनाच्या गाडीला हे आकडे पुरेसे आहेत. पण साधारण ३५०० ते ४५०० आरपीएमच्या पट्ट्यात टॉर्कचा आलेख खाली बसतो. काटा चढत राहतो आणि गाडी त्या मानाने ओढत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ४००० आरपीएम म्हणजे ताशी सुमारे ७५ किलोमीटर. वळणातून बाहेर पडताना चालकाला ज्या वेगाला पिकअप हवा असतो, नेमका तिथे हा खड्डा येतो.

या खड्ड्यापाशी दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. एक ट्यूनर: स्वतःचे गॅरेज, स्वतःचा डायनो म्हणजे गाडीची शक्ती मोजणारे यंत्र, हाताखालून गेलेल्या गाड्यांचा अनुभव. दुसरा अभियंता: कारखान्यात मॅनिफोल्ड आखण्याच्या कामावर घालवलेली वर्षे.

ट्यूनर : साहेब, कारखान्याचा मॅनिफोल्ड वायूला कोंडून ठेवतो. वाट मोकळी केली की इंजिन मोकळं होतं. एवढी साधी गोष्ट आहे.

अभियंता : कोंडणं असतं, पण तो भाग छोटा. नुसती वाट मोकळी करून भागलं असतं, तर मॅनिफोल्ड काढून टाकून उघड्या भोकांवरच इंजिन चालवलं असतं. चालवून बघा, टॉर्क घटलेला तुमच्याच डायनोवर दिसेल. नळी वायूला वाट देते, तशी मागून ओढही देते. ती ओढ कधी मिळते हे नळीच्या लांबीवर ठरतं.

ही ओढ समजल्याशिवाय कोणत्याही दोन हेडरांची तुलना करता येत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये बराच दाब शिल्लक असतो. तो एकदम सुटतो आणि दाबाची एक लाट नळीतून धावत सुटते. वायू स्वतः सावकाश पुढे सरकतो. लाट मात्र त्या तापलेल्या वायूतील ध्वनीच्या वेगाने, सेकंदाला सुमारे ६०० मीटर, पळते. विहिरीच्या तळाशी आवाज आपटून परत येतो तशी ही लाटही परत येते, पण उलटी होऊन. नळी जिथे एकदम रुंद होते, म्हणजे चार नळ्यांच्या संगमापाशी, दाबाची लाट पोकळीची होऊन मागे फिरते. ती व्हॉल्व्हपाशी पोचते त्या क्षणी एक्झॉस्ट आणि इनटेक हे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतील, तर ती सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते आणि त्यामागोमाग ताजी हवाही आत खेचते. दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असण्याच्या या वेळेला ओव्हरलॅप म्हणतात.

आता हिशोब. नळी ८० सेंटीमीटर लांब असेल तर जाऊन-येऊन अंतर १.६ मीटर, वेळ सुमारे २.७ मिलिसेकंद. एवढ्या वेळात ६००० आरपीएमला क्रँक ९६ अंश फिरतो, ३००० ला फक्त ४८. नळी तीच, लाट तीच. पण एका वेगाला ती ओव्हरलॅपच्या आसपास परतते आणि दुसऱ्या वेगाला फार आधी येऊन वाया जाते. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या फेरीत दाबाची लाट नेमकी ओव्हरलॅपमध्ये येऊन धडकू शकते आणि धूर उलटा सिलिंडरमध्ये ढकलते. मग टॉर्क बसतो. म्हणून सगळ्या आरपीएमला सारखाच फायदा देणारा हेडर नसतो. जो विक्रेता तसा दावा करतो, त्याने एक तर आलेख पाहिलेला नाही किंवा दाखवायचा नाही.

ट्यूनर : हे मान्य. म्हणूनच तर दोन प्रकार असतात. चार नळ्या थेट एका ठिकाणी आणल्या की फोर-वन. आधी दोन-दोनच्या जोड्या लावून मग त्या जोड्या एक केल्या की फोर-टू-वन. फोर-वन वरच्या आरपीएमला जोर देतो, फोर-टू-वन मधल्या पट्ट्यात. गिऱ्हाईक ट्रॅकवर पळवणार असेल तर पहिला, घाटरस्त्यावर चालवणार असेल तर दुसरा.

अभियंता : सरळ रांगेतल्या चार सिलिंडरांना हे ठीक. बॉक्सरमध्ये जोडी कोणाशी लावता?

ट्यूनर : शेजारच्या दोघांची. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन.

अभियंता : तिथेच घोटाळा आहे.

सुबारूच्या या इंजिनात सिलिंडर १ आणि ३ एका बाजूला, २ आणि ४ दुसऱ्या बाजूला. पेटण्याचा क्रम १-३-२-४. म्हणजे एकाच बाजूचे दोन सिलिंडर पाठोपाठ पेटतात, मग दुसऱ्या बाजूचे दोन. जोडीचा उद्देश असा की एकाच्या धक्क्याने दुसऱ्याच्या धुरात अडथळा आणू नये. त्यासाठी जोडीदारांच्या पेटण्यात क्रँकची पूर्ण फेरी, ३६० अंश, अंतर हवे. ते अंतर १ आणि २ मध्ये आहे, ३ आणि ४ मध्ये आहे. पण हे जोडीदार इंजिनाच्या विरुद्ध बाजूंना बसलेले. त्यांना एकत्र आणायचे तर नळ्या इंजिनाच्या पोटाखालून ओलांडून न्याव्या लागतात, आणि चारही नळ्यांची लांबी सारखी राखायची तर जवळच्या नळीला मुद्दाम वळसे द्यावे लागतात. समान लांबीच्या हेडरचे फोटो पाहताना नळ्यांची जी गुंतागुंत दिसते, ती दिखाव्यासाठी नसते.

जुन्या सुबारूंमध्ये हा खटाटोप फारसा केला जात नसे. बाजूच्या बाजूला दोन नळ्या जोडायच्या, मग एका बाजूची लांब वाट दुसऱ्या बाजूच्या आखूड वाटेला मिळवायची. त्यातून ‘सुबारू रंबल’ या नावाने ओळखला जाणारा गडगडाट तयार झाला. ४००० आरपीएमला चार सिलिंडरांच्या इंजिनात दर साडेसात मिलिसेकंदांना एक ठोका पडतो. दोन बाजूंच्या वाटांत ४० सेंटीमीटरचा फरक ठेवला की एका बाजूचे ठोके सुमारे दोन तृतीयांश मिलिसेकंद उशिरा पोचतात, त्यांचा जोरही वेगळा असतो. ताल लंगडतो, आणि कानाला तोच लंगडा ताल गडगडाटासारखा ऐकू येतो. टोयोटा ८६ आणि बीआरझेडमध्ये मात्र कारखान्यातूनच फोर-टू-वन आणि जवळपास समान लांबीचा मॅनिफोल्ड आला. त्यामुळे ही गाडी सुबारूचे इंजिन असूनही सुबारूसारखी गडगडत नाही.

ट्यूनर : आणि तिथेच गिऱ्हाईक नाराज होतं. दहातले काही जण माझ्याकडे पॉवरसाठी येतच नाहीत. त्यांना तो आवाज हवा असतो. तोमेईसारखी जपानी कंपनी याच इंजिनासाठी समान लांबीचा आणि असमान लांबीचा, दोन्ही हेडर बनवते. काही उगाच नाही बनवत.

अभियंता : आवाजासाठी पैसे देणं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण असमान हेडर बसवून गाडी जास्त ओढायला लागली असं कोणी म्हणालं, तर त्याला डायनोवर चढवा. एकाच आखणीच्या दोन रूपांत समान लांबीचा हेडर बहुधा पुढे राहतो.

ट्यूनर : बहुधा. पण फरक एवढा नसतो की माणसाने आवडता आवाज सोडावा.

येथे दोघांचे म्हणणे खरे आहे आणि भांडण मिटण्यासारखे नाही. कान आणि डायनो ही दोन वेगळी मोजमापे आहेत; एकाचा निकाल दुसऱ्याला लावला की गोंधळ सुरू होतो.

नळीच्या जाडीबद्दल मात्र वाद कमी आहे. दोन लिटरच्या इंजिनाला साधारण दीड ते पावणेदोन इंच व्यासाच्या नळ्या लावतात. ४१ मिलिमीटरऐवजी ४५ मिलिमीटरची नळी घेतली की फरक बोटभरही दिसत नाही, पण आतले क्षेत्रफळ २० टक्क्यांनी वाढते आणि तेवढाच धूर सावकाश वाहतो. वरच्या आरपीएमला हे चालते, खालच्या आरपीएमला ओढ मंदावते. पुढे टर्बो बसवायचा नसेल तर जाड नळीची हौस महागात पडते.

ट्यूनर : आता मुद्द्याचं बोलू. मूळ मॅनिफोल्डमध्येच पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला आहे. तोंडाशीच जाळी. ती काढली की खरा फरक पडतो. मी कॅट नसलेला हेडर लावून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ट्यून करतो, चाकांवर दहा-पंधरा हॉर्सपॉवर मिळतात आणि खड्डा बराच भरून येतो. शिवाय मागच्या नळीत दुसरा कॅट आहेच की.

अभियंता : पहिला कॅट तोंडाशी का बसवला, ते विचारलंत का कधी? कॅटला काम सुरू करायला अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस तापमान लागतं. गाडी थंड असताना, चावी फिरवल्यापासूनचा पहिला मिनिट-दोन मिनिटं, सगळ्यात घाण धूर निघतो. कॅट इंजिनाला चिकटून असला की तो लवकर तापतो. तुमचा मागचा कॅट तापेपर्यंत गाडी गल्लीच्या टोकाला पोचलेली असते, आणि सगळा धूर शेजाऱ्यांच्या नाकात.

ट्यूनर : मग जास्त मोकळ्या जाळीचा कॅट लावू. चौरस इंचाला चारशे भोकांऐवजी दोनशे भोकांचा.

अभियंता : तो बरा पर्याय आहे. पण प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा लेप स्वस्त कॅटमध्ये किती पातळ असतो, ते बाहेरून दिसत नाही. मागचा ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि ‘चेक इंजिन’चा दिवा लावतो. पी०४२० हा कोड तुम्हाला पाठच असेल.

ट्यूनर : त्यावर सेन्सरखाली स्पेसर लावणारेही आहेत.

अभियंता : दिवा विझतो. धूर तसाच राहतो.

या मुद्द्यावर कायदा अभियंत्याच्या बाजूला आहे. अमेरिकेत प्रदूषण रोखणारा भाग गाडीतून काढणे केंद्रीय कायद्याने मना आहे. कॅलिफोर्नियात त्याहून कडक व्यवस्था आहे: बाहेरच्या कंपनीच्या हेडरला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मान्यता क्रमांक नसेल तर धुराच्या तपासणीत गाडी नजरेनेच नापास होते, आकडे कितीही चांगले आले तरी. आवाजाची मर्यादा ९५ डेसिबल. जपानमध्ये नव्या खासगी गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते. तिला शाकेन म्हणतात, आणि हेडर बदललेल्या गाडीला तिथे कागद दाखवावे लागतात. भारतात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कारखान्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करण्यास मनाई केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० अन्वये आवाज आणि हवेच्या प्रदूषणाचे नियम मोडले, तर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. मुंबईत बुलेटचे बदललेले सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो मराठी वाचकाला नवे नाहीत. हेडर बोनेटखाली लपतो एवढाच फरक.

ट्यूनच्या बाबतीत दोघांचे एकमत होते, आणि ते दुर्लक्षून चालणार नाही. एफए२० मध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टचे टायमिंग ईसीयू चालवतो. ओव्हरलॅप किती आणि कधी, हे त्याच्या हाती. कारखान्याने तो हिशोब मूळ मॅनिफोल्ड धरून मांडलेला असतो. हेडर बदलला आणि हिशोब तसाच ठेवला, तर परत येणारी लाट उघड्या दाराऐवजी बंद दारावर आपटू शकते. उलट मूळ मॅनिफोल्ड ठेवून नुसता चांगला ट्यून केला तरी खड्ड्याची कड थोडी बोथट होते. म्हणून नुसत्या हेडरचे आकडे आणि ट्यून केलेल्या हेडरचे आकडे एका तक्त्यात मांडणे म्हणजे कच्च्या तांदळाची आणि भाताची चव एकमेकांशी ताडून पाहणे.

धातूचा विचार बहुतेक खरेदीदार शेवटी करतात. नळी ६०० अंशांनी तापली की ३०४ स्टेनलेस स्टीलची एक मीटर लांबी सुमारे एक सेंटीमीटरने वाढते. गाडी थांबली की पुन्हा आखडते. रोजची ही ओढाताण वेल्डिंगच्या शिवणीवर येते, आणि तडा जातो तो बहुतेक तिथेच. कारखाने म्हणून अनेकदा कमी प्रसरण पावणारे ४०९ सारखे स्टील वापरतात. ते दिसायला मळकट, बाहेरून गंजाचा पातळ थर धरणारे, पण टिकणारे.

ट्यूनर : आर्गॉन वेल्डिंग नीट केलं, नळीच्या आतूनही आर्गॉन सोडला, फ्लँज दहा-बारा मिलिमीटर जाड घेतली, मध्ये फ्लेक्स पाइप दिला, की ३०४ वर्षानुवर्षं जातं.

अभियंता : तसं करणारे आहेत. ते स्वस्त नसतात.

स्वस्त हेडर ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. वळणाच्या जागी नळी चपटी झालेली असते. संगमाच्या आत बोट फिरवले की वेल्डचे थेंब लागतात. फ्लँजला सरळ पट्टी लावली की मधून उजेड दिसतो. असा हेडर पॅकिंग बदलत राहण्याचे काम लावतो. टोयोटा ८६ मध्ये नळ्या इंजिनाच्या तळाशी, तेलाच्या चेंबरशेजारून जातात, म्हणून मूळ उष्णतारोधक पत्रे पुन्हा बसतात की नाही हेही पाहावे लागते. पत्र्यांऐवजी नळ्यांना कापडी पट्टी गुंडाळणारे असतात. साध्या लोखंडी नळीवर ती पट्टी पावसाचे पाणी धरून ठेवते आणि नळी पट्टीखाली बाहेरून सडते. शिवाय गाडी जमिनीपासून जेमतेम १३ सेंटीमीटर उंच. नव्या संचाने त्यातले दोन खाल्ले तर पहिला गतिरोधक हिशोब चुकता करतो.

राहिली मोजण्याची रीत. दोन हेडरांची खरी तुलना एकाच गाडीवर, एकाच डायनोवर, एकाच दिवशी, एकाच टाकीतल्या पेट्रोलवर होते. प्रत्येक वेळी इंजिन सारखे तापलेले, किमान तीन-तीन धावा, आणि दोघांनाही आपापला ट्यून. दोन वेगवेगळ्या गॅरेजांतले कागद शेजारी ठेवून तीन-चार हॉर्सपॉवरच्या फरकावर पैज लावू नये; तेवढा फरक दुपारच्या उन्हानेही पडतो. आणि कमाल आकडा पाहण्याआधी ३००० ते ५५०० चा पट्टा पाहावा. सर्वसाधारण चालक वर्षाच्या बहुतेक दिवशी याच पट्ट्यात असतो.

ट्यूनर : मग साहेब, तुमच्या मते घ्यायचा कोणता?

अभियंता : रस्त्यावर चालणारी ८६ असेल तर कॅट असलेला, समान लांबीचा फोर-टू-वन. आणि सोबत ट्यून. तेवढे पैसे नसतील तर आधी नुसता ट्यून. हेडर नंतर.

ट्यूनर : म्हणजे माझी अर्धी विक्री गेली.

अभियंता : अर्धी राहिली ना.

उरलेली विक्री पुढे कारखान्यानेच कमी केली. २०२१ मध्ये या गाडीची दुसरी पिढी, जीआर ८६, आली. तिच्या इंजिनात सिलिंडरचा बोअर वाढवून २३८७ सीसी केले गेले. कमाल टॉर्क सुमारे २५० न्यूटन-मीटर झाला, आणि तो येतो ३७०० आरपीएमला, जिथे आधीच्या गाडीत खड्डा होता.